वऱ्हाडच्या शेतकऱ्याचे मन आणि आपले मद्रास

सुखकर्त्याच्या उत्सवात हा असला विषय कशाला, असे कुणी विचारील, म्हणून आधीच खुलासा करतो. आपल्या मंडळींत विदर्भ-मराठवाड्यातून आलेली कुटुंबे बरीच आहेत. भाद्रपदात इथे आपली मोदकांची गडबड असते, तेव्हा तिकडे कपाशी पात्या-फुलांवर आलेली असते. घरातला पैसा बियाण्यात आणि खतात गेलेला, फवारणीचे दिवस, आणि कापूस घरात यायला दिवाळी उजाडायची. वर्षातला हा काळ जिवाला घोर लावणारा. मी मूळचा यवतमाळकडचा. पस्तीस वर्षांपूर्वी नोकरीनिमित्त गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत आलो आणि इथलाच झालो. थोरला भाऊ, आमचा दादा, अजून शेती करतो. फोनवर तो पाऊस सांगतो, कापसाचा भाव सांगतो, बैलाचे दुखणे सांगतो. झोप लागते का, हे मात्र आपणहून कधी सांगत नाही.

शेतकऱ्याला झोप लागते का, हा प्रश्न सरकारने आणि समाजाने कधी विचारला, याचा शोध मी गेली काही वर्षे घेत आहे. त्यात आपल्या मद्रासचा वाटा किती मोठा आहे ते लक्षात आले, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात पुणे जिल्ह्यातल्या सुप्यापासून करावी लागेल. १२ मे १८७५ रोजी तिथल्या बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या दुकानांत शिरून कर्जखते मागितली आणि ती जाळून टाकली. हे लोण पुणे व नगर जिल्ह्यांत पसरले. सरकारने चौकशी आयोग नेमला. विशेष म्हणजे सावकारांच्या अंगाला फारसा हात लागला नव्हता, राग होता तो कागदांवर. या आयोगाच्या अहवालातून १८७९ चा दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा निघाला. कर्ज किती, व्याज किती, जमीन किती, सगळ्याची मोजदाद झाली. माणूस मात्र त्या कोष्टकांत कुठे सापडत नाही.

लगेच १८७६ ते १८७८ चा महादुष्काळ आला. तो सोलापूर, विजापूर, सातारा भागाला भोवला, तसाच मद्रास इलाख्यालाही. आपल्या गिंडीचे राजभवन त्या काळी मद्रासच्या गव्हर्नरांचे शहराबाहेरचे निवासस्थान होते. जानेवारी १८७७ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने सर रिचर्ड टेंपल यांना खर्च आवरण्यासाठी मद्रासला पाठवले. दुष्काळी कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड, म्हणजे साधारण अर्धा किलो धान्यावर भागवता येईल, असे त्यांनी ठरवून टाकले. मद्रासचे आरोग्य आयुक्त डॉ. कॉर्निश यांनी त्याला कडाडून विरोध केला. एवढ्यावर कष्ट करणारे शरीर टिकत नाही, हे ते आकड्यांनिशी मांडत राहिले. शेवटी मद्रास सरकारला मजुरी वाढवावी लागली. तेच टेंपल पुढे त्याच वर्षी मुंबईचे गव्हर्नर झाले!

तिकडे दख्खनमध्ये कमी मजुरीविरुद्ध दुष्काळी कामांवरच्या हजारो लोकांनी काम सोडले. पुण्याची सार्वजनिक सभा, म्हणजे गणेश वासुदेव जोशी, आपले सार्वजनिक काका, गावोगावचे वृत्तांत गोळा करून सरकारपुढे ठेवत होती. दोन्ही इलाख्यांत मिळून या दुष्काळात पन्नास लाखांवर माणसे गेली असे मानतात. दुःख काही कमी नव्हते. पण माझ्या मते एक फरक ध्यानात घ्यावा. १८७५ साली कर्जखते जाळताना आणि १८७७ साली काम सोडताना शेतकरी गर्दीत होता. शेजारी कोणीतरी होते.

आता एकदम शंभर वर्षे ओलांडून पुढे येतो. १९ मार्च १९८६. यवतमाळ जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे साहेबराव करपे यांनी पत्नी आणि चार मुलांसह पवनारजवळ जीवनयात्रा संपवली. ते गावचे सरपंच राहिलेले, संगीताची आवड असलेले गृहस्थ. विजेचे बिल थकले, जोडणी तुटली, उभे पीक वाळले. मागे चिठ्ठी होती. २०१७ पासून दर १९ मार्चला त्यांच्या स्मरणार्थ अन्नत्याग केला जातो. आमच्या भागात अजूनही या घराविषयी बोलताना माणसे आवाज खाली आणतात. एवढा चारचौघांतला माणूस आतून इतका एकटा कसा पडला, हे कुणालाच कळले नाही.

त्यानंतरच्या वीस वर्षांत विदर्भाच्या बातम्या देशभर पोहोचल्या, त्यात मोठा वाटा चेन्नईतल्या माउंट रोडवरच्या ‘हिंदू’चा. मद्रासमध्येच जन्मलेले पी. साईनाथ २००४ पासून त्या पत्राचे ग्रामीण विषयांचे संपादक होते. आमच्या तालुक्याची बातमी आम्ही गिंडी स्टेशनावर घेतलेल्या इंग्रजी वर्तमानपत्रात वाचत होतो, याची गंमत वाटावी की वाईट वाटावे! त्याच सुमारास डॉ. एम. एस. स्वामिनाथन राष्ट्रीय शेतकरी आयोगाचे अध्यक्ष होते. त्यांच्या आयोगाचे नाव हमीभावाशी जोडले जाते. पण गिंडीपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या तरमणीच्या त्यांच्या संस्थेने वर्धा-यवतमाळकडच्या शेतकरी महिलांसाठी, त्यात नवरा गमावलेल्याही आल्या, काम उभे केले, हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

या बायांचे दुःख दुहेरी. सरकारी मदत होती एक लाखाची. पण जमीन नावावर हवी, कर्ज बँकेचे किंवा नोंदणीकृत सावकाराचे हवे, ते थकलेले हवे. मग प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ हे समिती ठरवणार. सातबारा सासऱ्याच्या नावे असला की नवऱ्याचे मरण अपात्र. मराठी भाषेत इतका कोरडा शब्दप्रयोग दुसरा नसावा.

आता ज्या कामाविषयी मला मुख्यतः सांगायचे आहे तिकडे वळतो. करपे गेले त्याच १९८६ साली चेन्नईत डॉ. लक्ष्मी विजयकुमार यांनी ‘स्नेहा’ ही संस्था सुरू केली. जीव नकोसा झालेल्या माणसाचे म्हणणे स्वयंसेवकांनी ऐकून घ्यायचे, उपदेश करायचा नाही, एवढेच तिचे मूळ काम. पुढे त्यांनी खेड्यांकडे लक्ष वळवले. आपण मराठीत कीटकनाशकाला ‘औषध’ म्हणतो, तमिळमध्येही ‘पूच्चि मरुंदु’, म्हणजे किड्यांचे औषधच. आणि ते घरात औषधासारखेच हाताशी असते. बहुतेक वेळा मरणाचा विचार टिकतो थोडा वेळ. तेवढ्या वेळात हाताशी विष नसले तर माणूस पुष्कळदा वाचतो, आणि वाचलेल्यांतले बहुतेक पुन्हा त्या वाटेला जात नाहीत. म्हणून कडलूर जिल्ह्यात, काट्टुमन्नार्कोइल भागातल्या दोन गावांत त्यांनी सामायिक कोठार बांधले. बँकेच्या लॉकरसारखे कप्पे, प्रत्येक शेतकऱ्याचा आपला कप्पा, आणि देखरेखीला एक माणूस. फवारणीपुरते न्यायचे, उरलेले परत आणून ठेवायचे. २०१३ साली याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले, आणि कोठार नसलेल्या गावांच्या तुलनेत त्या दोन गावांत फरक दिसला.

घराघरांत कुलुपाची पेटी दिली तर चालणार नाही का? श्रीलंकेत हा प्रयोग १८० गावांत झाला. २०१७ साली निष्कर्ष आला की त्याने फरक पडत नाही. किल्ली घरातच असते ना! श्रीलंकेला खरा गुण आला तो अत्यंत जहाल विषांवर टप्प्याटप्प्याने घातलेल्या बंदीने. १९९५ नंतरच्या वीस वर्षांत तिथले आत्महत्यांचे प्रमाण सुमारे सत्तर टक्क्यांनी उतरले आणि पिकाचे उत्पन्न घटले नाही. आपल्याकडेही २०२३ मध्ये केंद्राने आणखी काही कीटकनाशकांवर बंदीचा आदेश काढला.

आणि विदर्भात? अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून घरोघरी पाठवले. ‘डिप्रेशन’ हा शब्द आमच्याकडे चालत नाही. आमच्या वहिनी म्हणतात, “ह्यांचं मन लागून नाही राहिलं, भाऊजी.” किंवा सरळ ‘टेन्शन’. अशाच शब्दांनी बोलणे सुरू होते. या आजाराने ग्रासलेल्यांपैकी मदत घेणारे पूर्वी ४.३ टक्के होते, ते २७.२ टक्के झाले. मरणाचे विचार येणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. शेजारच्या गावांशी तुलना नव्हती, म्हणून हे सगळे श्रेय प्रकल्पाचेच असे म्हणता येत नाही. पण औषधोपचार घेणारे सहापट झाले, ही गोष्ट लहान नाही. राज्य सरकारने २०१५ मध्ये १४ जिल्ह्यांत ‘प्रेरणा प्रकल्प’ सुरू केला, त्यातही आशाताईंनीच घरी जाऊन विचारपूस करायची असे ठरले. कर्जमाफी आणि भाव यांना हा पर्याय आहे असे मुळीच नाही. मात्र कर्जमाफीचा निर्णय निघेपर्यंतची रात्र काढायला कोणीतरी लागतेच.

कायदाही बदलला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने, जीव देण्याचा प्रयत्न केलेल्या माणसाकडे गुन्हेगार म्हणून न पाहता तो तणावाखाली होता असे मानायचे ठरवले. पूर्वी पोलिसांच्या धाकाने घरचे लोक दवाखान्यात खरे सांगत नसत. ऑक्टोबर २०२२ पासून केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा आहे. क्रमांक १४४१६, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येते आणि तमिळमध्येही. दादाच्या घरी दूध संघाच्या कॅलेंडरवर वहिनींनी तो मोठ्या आकड्यांत लिहून ठेवला आहे. शेजारचे लोक येतात-जातात, वाचतात, कशाचा म्हणून विचारतात, आणि त्या सांगतात.