चिन्यांचा मळा

माहुलच्या जेट्टीवर भरतीच्या वेळी उभे राहा. पाठीमागे तेलाच्या टाक्या आणि चिमण्या आहेत, समोर खाडीवरून गेलेला अटल सेतू. आता डोळ्यांसमोरचं एकेक काढून टाका. सेतू २०२४ चा, तो आधी जातो. मग १९५४-५५ मध्ये उभ्या राहिलेल्या रिफायनऱ्या जातात आणि त्यांच्याबरोबर नाकात बसलेला तो वासही जातो. उरतात तिवरं, चिखल, कोळ्यांच्या होड्या आणि तुर्भ्याचा हिरवा डोंगर. साल १८४५, महिना एप्रिल. तुमच्या पायाशी एक मचवा लागलाय. चढा.

दक्षिणेला बंदरात जहाजांची दाटी आहे. माळव्याची अफू आणि गुजरातचा कापूस घेऊन ती चीनला जातात, चहा आणि रेशीम घेऊन परततात. अफूचं युद्ध संपून तीनच वर्षं झालीत. २९ ऑगस्ट १८४२ रोजी ज्या युद्धनौकेवर चीनच्या वकिलांना नानकिंगच्या तहावर सह्या कराव्या लागल्या, ती ‘कॉर्नवॉलिस’ इथल्याच गोदीत, वाडियांच्या हाताखाली, सागवानात घडली होती, १८१३ साली. चीनशी मुंबईचं नातं असं आहे: पैशाचं आणि तोफांचं. आपल्याला मात्र त्याच समुद्रावरून आलेल्या वेगळ्या माणसांकडे जायचंय.

पिनांग, मलाक्का आणि सिंगापूर ही तिन्ही ठाणी कंपनी सरकार कलकत्त्याहून चालवतं. हिंदुस्थानातल्या कैद्यांना काळ्या पाण्यावर तिकडे धाडतात. सिंगापूरचे रस्ते त्यांनीच केले, पुढे तिथलं सेंट अँड्र्यूज कॅथेड्रलही त्यांच्याच हातून उभं राहील. आणि तिकडच्या चिनी, मलायी कैद्यांना इकडे आणतात. त्यांचं काळं पाणी म्हणजे आपला मुलूख. त्यांतले काही मुंबई इलाख्यात आले आणि थेट सह्याद्रीच्या माथ्यावर नेले गेले. तुम्हाला तिथंच जायचंय.

तुमचा मचवा किनाऱ्याकिनाऱ्यानं बाणकोटला येतो. इथला किल्ला १७५६ पासून इंग्रजांकडे आहे. इथं सावित्रीच्या मुखात शिरायचं आणि भरतीचा फायदा घेत महाडपर्यंत जायचं. उन्हाळ्यात थंड हवेला निघालेल्या मुंबईच्या साहेबांची ही सवयीची वाट. ध्यानात घ्या, ही नदी महाबळेश्वरलाच उगम पावते. म्हणजे तुम्ही जिथं निघालाय, त्या डोंगराचंच पाणी तुमच्या मचव्याखालून समुद्राकडे चाललंय.

नदीचा प्रवास संथ आहे, तोवर एका खऱ्याखुऱ्या चिनी बागेचं सांगतो. चिनी बाग म्हटलं की जाणकारांना सूचौ आठवतं: तळी, वळणावळणाचे पूल, ताईहू सरोवरातले भोकाभोकांचे दगड, भिंतीतल्या नक्षीदार खिडक्यांतून चौकटीत बसवल्यासारखं दिसणारं बांबूचं बेट. तिथली सगळ्यांत नावाजलेली बाग वांग शियानचेन या अधिकाऱ्यानं १५०९ च्या सुमारास करायला घेतली. दरबारातल्या राजकारणाला कंटाळून तो गावी परतला होता. वेन झेंगमिंग या थोर चित्रकारानं १५३३ मध्ये त्या बागेची एकेक जागा चित्रांत आणि कवितांत उतरवली. वांगच्या मुलानं मग ती बाग जुगारात घालवली, हेही खरं. पण मला त्या बागेतली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती तिच्यामागची कल्पना. वांगनं ती घेतली होती तिसऱ्या शतकातल्या पान युए या लेखकाकडून: राज्यकारभार ज्याला जमत नाही, त्यानं झाडांना पाणी घालावं, भाजी पिकवावी, ती विकून पोट भरावं; तोच त्याचा कारभार. इतक्या देखण्या बागेच्या मुळाशी भाजीचा मळा आहे. हे लक्षात ठेवा, वर गेल्यावर लागेल.

महाड आलं. पुढे पोलादपूर, मग चढ. प्रतापगड डावीकडे ठेवून पारला यायचं आणि तिथून रडतोंडीचा घाट. फिट्झगेराल्ड घाटाची रुंद सडक व्हायला अजून तीस वर्षं आहेत, तेव्हा पायीच चढा. पालखीतला साहेब तुमच्या पुढे चाललाय आणि पालखीच्या दांड्याखाली भोयांचे खांदे सोललेत. वर येता येता हवा बदलते. जांभ्याची तांबडी माती, जांभळीची आणि हिरड्याची झाडी, आणि साडेचार हजार फुटांवरचा तो गार वारा.

हे माल्कम पेठ, म्हणजे महाबळेश्वर. जनरल लॉडविक १८२४ साली इथं चढून आले आणि त्यांनी या हवेची वाखाणणी केली. सर जॉन माल्कम १८२७ ते १८३० मुंबईचे गव्हर्नर. साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांशी जागेची अदलाबदल करून त्यांनी इथं आजाऱ्यांसाठी ठाणं वसवलं. बंगले झाले, बाजार झाला. वेण्णेचं पाणी अडवून साताऱ्याच्या राजांनी १८४२ मध्ये बांधलेला तलाव तुम्ही आलात तेव्हा अगदी नवा आहे. आणि माल्कमसाहेबांच्याच काळात आणखी एक इमारत झाली, तिच्याबद्दल सहलीला येणाऱ्यांना कुणी सांगत नाही. तुरुंग. त्यात सव्वाशेच्या आसपास चिनी आणि मलायी कैदी असतात.

पहाटे तुरुंगाच्या दाराशी उभे राहा. थंडी एप्रिलमध्येही अंगावर काटा आणते. दार उघडतं, माणसं रांगेनं बाहेर येतात. घोट्याशी लोखंड आहे, त्याचा आवाज धुक्यात माणसांच्या आधी येतो. यांतली चिनी माणसं फूक्येन-क्वांगतुंगकडची; आधी घर सोडून पोटासाठी मलायात गेली, तिथं कुणी दरोड्यात सापडला, कुणी टोळीच्या मारामारीत. आता ज्या डोंगरावर आणून सोडलीत तिथून समुद्र लांब आहे आणि त्यांची भाषा कुणालाही कळत नाही. एक तुकडी रस्त्याच्या कामावर वळते. या ठाण्याचे आखीव, पाणी न तुंबणारे रस्ते, ज्यांचं कौतुक पुढे प्रत्येक साहेब आपल्या पत्रात करील, ते यांचं काम आहे. दुसरी तुकडी कोयनेच्या खोऱ्याच्या तोंडाशी, ओढ्याकडे उतरते. तिच्या मागं जा.

खाली त्यांचा मळा आहे. जरा थांबून नीट बघा, कारण हा भाग घाईनं बघण्यासारखा नाही. उतारावर एकाखाली एक ताली काढल्यात, बांध जांभ्याच्या दगडांचे. वरच्या झऱ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीतून पहिल्या वाफ्यात पडतं, तिथून दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. एक म्हातारा कैदी हातानंच मातीची चिमूट लावून एक दारं बंद करतो आणि शेजारचं उघडतो. कोबी आहे, गाजर, नवलकोल, वाटाणा, सॅलडचा पाला. पण अर्ध्याहून जास्त जागा बटाट्यानं व्यापलीय. एक जण उकिडवा बसून बियाणं कापतोय. बटाटा हातात फिरवायचा, डोळे मोजायचे, प्रत्येक फोडीला एक तरी चांगला डोळा राहील असा सुरीचा काप द्यायचा आणि कापलेली बाजू राखेत बुडवायची म्हणजे कुजत नाही. पलीकडे दोघे वाढलेल्या झाडांच्या बुंध्यांना मातीची भर देताहेत. पिकाला खत कुजवलेल्या पाचोळ्याचं, राखेचं आणि माणसाच्या मैल्याचं. चीनच्या शेतकऱ्याला त्याची किळस नाही, तो ते सोनं मानतो.

बांधापलीकडे इथला एक कुणबी उभा आहे. त्याच्याकडे डोंगरउतारावर राब भाजून नाचणी-वरी पेरतात. दोन-तीन वर्षं पीक घेतलं की जागा पडीक टाकायची. एकाच तुकड्यातून दर वर्षी पीक काढता येतं हे तो पहिल्यांदा बघतोय. “ह्ये काय पुरताय रं?” तो विचारतो. बियाणं कापणारा मान वर करतो, फोड त्याच्यासमोर धरतो, सुरीच्या टोकानं डोळा दाखवतो, बोटांनी खड्डा करून दाखवतो, वितीभर उंची हातानं दाखवतो. कुणबी बांधावर टेकतो. हा धडा असाच चालणार, आज, उद्या, पुढच्या हंगामात. डोंगरावरच्या लोकांना विलायती भाज्या आणि विशेषतः बटाटा उत्तम पिकवायला या कैद्यांनी शिकवलं, हे सरकारी दप्तरानं पुढे मान्य केलंय.

ऊन वर आलं की खांद्यावर बांबूची कावड, दोन्ही टोकांना टोपल्या, अशी भाजी बाजाराकडे निघते. टोपल्याही त्यांच्याच हातच्या, वेताच्या. मळ्यात काम नसेल तेव्हा ते तुरुंगात टोपल्या आणि खुर्च्या विणतात, आणि बंगल्याबंगल्यांतले साहेब त्याच खुर्च्यांवर बसून चहा पितात. बाजारात खानसामे त्यांच्या कोबीवरून घासाघीस करतात. मुंबई-पुण्याच्या मंडईत महाबळेश्वरचा बटाटा नावाजला जाऊ लागलाय. आपल्या उपासाच्या ताटात बटाटा असा शिरला की परका वाटेनासा झाला. आणि साबुदाणा? तोही त्या काळी सिंगापूरच्या चिनी कारखान्यांत तयार होऊन जगभर जात होता. एकादशीच्या दिवशी घरातल्या खिचडीकडे मी या माणसांना विसरून बघू शकत नाही.

पण सूचौच्या वांगची सगळी इच्छा इथं पुरी झालीय म्हणून खूश होऊ नका. तो आपखुशीनं भाजीच्या वाफ्याकडे वळला होता; त्याच्या दाराला आतून कडी होती. यांच्या दाराला बाहेरून आहे. तरीही ज्यांनी ओढ्याचं पाणी असं वळवलं, ताली अशा बसवल्या, त्यांनी सक्तमजुरीत नुसते दिवस ढकलले असं मला पटत नाही. वरच्या वाफ्याचं दारं मातीच्या चिमटीनं बंद करणाऱ्या त्या म्हाताऱ्याचा हात बघितलात ना? पहारेकऱ्याच्या धाकानं हात असा चालत नाही.

जूनमध्ये इथं राहू नका. पाऊस सुरू झाला की गोरे लोक झाडून खाली उतरतात, बंगल्यांना गवताच्या ताट्या बांधतात आणि पुढचे चार महिने धुकं आणि पाणी. वर्षाकाठी अडीचशे इंच म्हणजे काय हे तालीवर काम करणाऱ्यालाच कळतं. माती वाहून जाते, बांध फुटतात, आणि पावसाळा सरला की पुन्हा पहिल्यापासून.

आता एकोणीस वर्षं पुढे या. १८६४. तुरुंग बंद होतोय. कैद्यांना परवान्यावर सोडलं जातंय, म्हणजे तुरुंगाबाहेर राहून स्वतः कमावून खाण्याची मुभा. दारातून निघालेल्या माणसाकडे बघा. विशीत आला असेल तर आता पन्नाशीकडे झुकलाय. फूक्येनमधल्या गावात त्याची कुणी वाट बघतंय का, याची खबर त्याला देणारं कुणी नाही. आणि जे घर तो सोडून आला ते पेटलेलं आहे: चीनमध्ये तायपिंग बंडाला चौदावं वर्ष लागलंय. वांगच्या त्या बागेतही १८६० पासून बंडखोरांचा सेनापती ली शिऊचेंग राहत होता, तिथंच त्याचा वाडा. १८६३ च्या डिसेंबरात सूचौ बादशाही फौजेनं परत घेतलं तेव्हा तिथं कत्तल झाली. त्याच हिवाळ्यात इकडे महाबळेश्वरच्या चिनी मळ्यात वाटाणा फुलला असेल. सूचौची बाग पुढे सावरली, १९९७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली. महाबळेश्वरचा मळा कोणत्याच यादीत नाही.

तिथून आजच्या दिवसात या. लॉडविक पॉइंटवर जनरलसाहेबांचा स्तंभ आहे. माल्कम, एल्फिन्स्टन, बॅबिंग्टन, सगळ्यांची नावं डोंगराच्या कडांना लागलेली. गिऱ्हाईक बोलावणारे टॅक्सीवाले ती पाठ म्हणतात. कोयनेच्या बाजूला एक धबधबा आहे, चायनामन्स फॉल. जवळच्या मळ्यांवरून तसं म्हणू लागले. म्हणजे साहेबांच्या वाट्याला एकेकाचं नाव आलं आणि सव्वाशे माणसांच्या वाट्याला सगळ्यांत मिळून एक, तेही जातीवाचक. साताऱ्याचं गॅझेटियर १८८५ चं. त्यात त्यांच्या रस्त्यांचं, भाजीचं, वेतकामाचं कौतुक आहे, नाव एकाचंही नाही. आजूबाजूच्या उतारांवर आता स्ट्रॉबेरीचे गादीवाफे आहेत, त्यांवर प्लॅस्टिकचं आच्छादन, ठिबकच्या नळ्या. २०१० मध्ये महाबळेश्वर स्ट्रॉबेरीला भौगोलिक मानांकनही मिळालं. याच उतारावर दर वर्षी मळा पिकू शकतो हे आधी कुणी करून दाखवलं, याची एक पाटी धबधब्याशी लावायला नगरपालिकेला फार खर्च येणार नाही. पिनांग, मलाक्का, सिंगापूरहून आणलेले कैदी. बटाटा, भाज्या, रस्ते. तुरुंग १८६४ मध्ये बंद. चार ओळी पुरतात.

आणि नावांसाठी तुम्हाला आणखी एक फेरी करायला हवी. ती मुंबईतच आहे. काळा घोड्याजवळ, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत महाराष्ट्राचं पुराभिलेखागार आहे आणि तिथं मुंबई सरकारच्या न्याय खात्याची त्या काळातली दप्तरं बांधून ठेवलीत. काळ्या पाण्याच्या कैद्यांना जहाजावर चढवताना बरोबर यादी धाडायची पद्धत होती: नाव, गुन्हा, शिक्षेची मुदत. इंग्रज कारकुनानं कानावर पडेल तसं लिहिलेलं, वेडंवाकडं, पण नाव. १८३० ते १८६४ ची दप्तरं मागवा, पिनांग आणि सिंगापूरचा पत्रव्यवहार आधी उघडा, आणि सोबत चिनी वाचणारं कुणी घेऊन जा.