स्वमग्नता, शालापूर्व वयातील

सामाजिक देवाणघेवाणीतील अडचणी व वर्तनातील तोचतोचपणा यांतून दिसणारी, मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था. लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या नोंदींवरून तिचे वर्णन केले. आईच्या कोरडेपणाला दोष देणारा नंतरचा सिद्धांत त्याज्य ठरला आहे. हाकेला प्रतिसाद न देणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखवता मोठ्यांचा हात धरून तिकडे नेणे, ऐकलेली वाक्ये जशीच्या तशी म्हणणे, खेळण्यातल्या गाडीचे चाकच फिरवत राहणे, मिक्सरच्या आवाजाने कान झाकणे इ. लक्षणे बहुधा तिसऱ्या वर्षाआधी जाणवतात. श्रवणदोष (पहा : बहिरेपणा) आधी तपासतात, निदान रक्तचाचणीने नव्हे, निरीक्षणाने होते. वाचोपचार, व्यवसायोपचार व चित्रांतून दाखवलेला दिनक्रम उपयुक्त ठरतो. भारतात २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात समावेश.