विमानात सामान हरवले, तर दाद कशी मागाल?

विमान उतरते, प्रवासी सरकत्या पट्ट्याभोवती गोळा होतात, एकेक बॅग उचलली जाते आणि अखेरीस रिकामा पट्टा फिरत राहतो. आपली बॅग आलीच नाही, हे ध्यानात येताच अनेकजण मोबाइल काढून समाजमाध्यमावर विमान कंपनीचा उद्धार करतात. संताप समजण्यासारखा आहे. मात्र, नुकसानभरपाईचा हक्क शाबूत राहतो तो विमानतळ सोडण्यापूर्वी हाती घेतलेल्या कागदामुळे आणि मुदतीत केलेल्या लेखी तक्रारीमुळे. हा फरक न कळल्याने अनेकांचा रास्त दावाही निकालात निघतो.

पुणेकरांना हा विषय परका नाही. अमेरिका वा युरोपला जाणाऱ्यांना लोहगावहून निघून दिल्लीत, मुंबईत किंवा आखाती देशात विमान बदलावे लागते. बॅगा चुकण्याचे प्रमाण नेमके अशा बदलीच्या ठिकाणी सर्वाधिक असते. डिसेंबर २०२५मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या संख्येने रद्द झाली, तेव्हा लोहगावलाही त्याची झळ बसली. कर्मचाऱ्यांअभावी विमाने जागीच उभी राहिली आणि येणाऱ्या विमानांना जागा अपुरी पडली. देशभरात हजारो बॅगा मालकांपासून दुरावल्या. अखेर ६ डिसेंबर रोजी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने असे सामान शोधून ४८ तासांत प्रवाशांच्या पत्त्यावर पोहोचविण्याचा आदेश कंपनीला दिला.

बॅग नेमकी जाते कुठे?

'सिटा' ही संस्था दरवर्षी जगभरातील सामानाचा आढावा घेते. तिच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये दर हजार प्रवाशांमागे ६.९ बॅगांची हाताळणी चुकली. २०२४ मध्ये हे प्रमाण ६.३ वर आले. यातील सुमारे तीन चतुर्थांश बॅगा केवळ उशिरा पोहोचतात. कायमच्या हरवणाऱ्या वा चोरीस जाणाऱ्या थोड्याच असतात. बॅगेला बांधलेल्या पट्टीवरील दहा अंकी क्रमांक ही तिची ओळख. 'आयाटा' या विमान कंपन्यांच्या संघटनेने जून २०१८पासून चार टप्प्यांवर बॅगेची नोंद ठेवणे सदस्य कंपन्यांना बंधनकारक केले आहे : कंपनीने बॅग ताब्यात घेताना, विमानात चढविताना, दुसऱ्या विमानाकडे सोपविताना आणि प्रवाशाला परत देताना. म्हणूनच 'बॅग कुठे आहे, ठाऊक नाही' हे उत्तर सहजी मान्य करू नये. शेवटची नोंद कोठे झाली, हे विचारावे.

विमानतळावरच करावयाचे काम

पट्टा थांबताच कंपनीच्या सामान कक्षात जाऊन 'प्रॉपर्टी इरेग्युलॅरिटी रिपोर्ट' म्हणजेच पीआयआर भरून घ्यावा. त्यावर विमानतळाचा व कंपनीचा संकेत आणि पाच आकडे मिळून दहा अक्षरांचा संदर्भ क्रमांक असतो. पुढील सारा शोध याच क्रमांकावर चालतो. प्रवासात एकाहून अधिक कंपन्या असतील, तर शेवटच्या कंपनीकडे नोंद करावी. बोर्डिंग पास आणि सामानाच्या पट्टीचा तुकडा जपून ठेवावा. पीआयआर ही केवळ घटनेची नोंद आहे. तो भरला म्हणजे भरपाईचा दावा दाखल झाला, असे समजू नये.

मुदती लक्षात ठेवा

आंतरराष्ट्रीय प्रवासाला १९९९ चा मॉन्ट्रियल करार लागू होतो. भारतात तो ३० जून २००९ पासून अमलात आहे. त्यातील मुदती काटेकोर आहेत.

* बॅग फाटली वा मोडली असेल, तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार.
* बॅग उशिरा मिळाली असेल, तर ती मिळाल्यापासून २१ दिवसांत लेखी तक्रार.
* अपेक्षित दिवसापासून २१ दिवसांत बॅग आलीच नाही, तर ती हरवल्याचे गृहीत धरून भरपाई मागता येते.
* न्यायालयीन दाव्यासाठी दोन वर्षे.

पहिल्या दोन मुदती चुकल्या, तर कंपनीने लबाडी केल्याखेरीज दावा चालत नाही. देशांतर्गत प्रवासात कंपनीच्या अटींमध्ये याहून कमी मुदत असू शकते. त्यामुळे तक्रार त्याच दिवशी केलेली बरी.

भरपाई किती?

आंतरराष्ट्रीय प्रवासात भरपाईची कमाल मर्यादा 'विशेष आहरण हक्क' म्हणजे एसडीआर या नाणेनिधीच्या एककात ठरते. २८ डिसेंबर २०२४ पासून ती प्रति प्रवासी १,५१९ एसडीआर आहे. विनिमय दरानुसार ही रक्कम पावणेदोन ते दोन लाख रुपयांच्या घरात जाते. देशांतर्गत प्रवासात मात्र २०१९ च्या प्रवासी सनदेत ही मर्यादा अवघी २० हजार रुपये दिली आहे. ही रक्कम आपोआप हाती पडत नाही. प्रत्यक्ष नुकसान दाखवावे लागते. त्यासाठी बॅगेतील वस्तूंची यादी व शक्य तेवढ्या पावत्या जोडाव्यात. बॅग उशिरा येणार असेल, तर त्या काळात घेतलेले कपडे, औषधे यांच्या पावत्याही ठेवाव्यात. सामान अधिक मोलाचे असल्यास ते सोपविताना विशेष घोषणा करून जादा शुल्क भरता येते. दागिने, रोकड आणि मूळ कागदपत्रे हातातील पिशवीतच ठेवावीत.

प्रवास सलग कंपन्यांचा असेल, तर करारानुसार पहिली, शेवटची आणि जिच्याकडे नुकसान झाले ती, अशा तिन्ही कंपन्या संयुक्तपणे जबाबदार असतात. 'चूक आमची नव्हे, त्यांची' हे उत्तर प्रवाशाने ऐकून घेण्याचे कारण नाही.

समाजमाध्यमांचा उपयोग आणि मर्यादा

कॅनडाचे गायक डेव्ह कॅरोल यांची गिटार २००८ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या प्रवासात मोडली. चोवीस तासांत दावा न केल्याचे कारण देऊन कंपनीने भरपाई नाकारली. अनेक महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर त्यांनी जुलै २००९ मध्ये यूट्यूबवर गाणे टाकले, ते लाखोंनी पाहिले आणि कंपनीची नाचक्की झाली. सप्टेंबर २०१३ मध्ये वडिलांच्या हरवलेल्या बॅगेसाठी एका प्रवाशाने चक्क पैसे मोजून ब्रिटिश एअरवेजविरुद्ध ट्विटरवर जाहिरात दिली. आता अनेक विमान कंपन्या या माध्यमांवर उत्तरे देण्यासाठी स्वतंत्र माणसे ठेवतात.

तरीही, जाहीर संदेशाला मिळालेले 'क्षमस्व, तपशील पाठवा' हे उत्तर म्हणजे दाव्याची पोच नव्हे. अडलेला शोध हलविण्यासाठी हे माध्यम जरूर वापरावे. पण ई-मेलने केलेली लेखी तक्रार आधी हवी. पीएनआर किंवा दूरध्वनी क्रमांक जाहीरपणे टाकू नये. कंपनीच्या नावाशी मिळतीजुळती बनावट खाती अशा तक्रारींवर टपलेली असतात. भरपाईसाठी लिंक उघडा वा यूपीआय क्रमांक सांगा, असे कोणी म्हटले, तर सावध व्हावे.

कंपनी दाद देत नसेल तर

केंद्राच्या 'एअरसेवा' संकेतस्थळावर, तसेच १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो वा काम करतो, तेथेच तक्रार दाखल करता येते. पुणेकराला कंपनीच्या मुख्यालयाच्या शहरात खेटे घालण्याची गरज नाही. सेवेसाठी मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल, तर शुल्क नाही. वकील देणेही सक्तीचे नाही. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीच्या तक्रारी ग्राहक मंचापुढे चालू शकतात, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे.

बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये ग्राहक पंचायतीची चळवळ सुरू केली, ती याच पुण्यात. पावती मागा, ती जपा आणि वेळेत लेखी दाद मागा, ही ग्राहकाची शिस्त आजही तितकीच उपयोगी आहे. बॅग हरवणे प्रवाशाच्या हाती नसते; हक्क न हरवणे मात्र त्याच्याच हाती असते.