फुकटच्या गालिच्याचा हिशेब

फळझाड म्हणजे कटकट, हे मत शहरी बागकामात आता सिद्धान्त म्हणून वावरू लागलं आहे. बंगल्यापुढची पट्टी असो की सोसायटीतल्या दोन इमारतींमधली जागा, सल्ला एकच मिळतो: पेरू-चिकूच्या फंदात पडू नका, पानं झाडत बसाल, जमिनीवर पसरणारं एखादं फुलझाड लावा आणि विसरून जा. हे एखादं झाड बहुतेक वेळा वेडेलिया असतं. चकचकीत, टोकाशी तीन भाग झालेली पानं, बारमाही पिवळी फुलं, नुसता तुकडा खोचला तरी जगणार आणि एका पावसाळ्यात जमीन झाकून टाकणार. ताबा द्यायच्या घाईतल्या बिल्डरला याहून सोयीचं काही नाही.

पूर्वपक्षात तथ्य नाही असं नाही. पार्किंगच्या स्लॅबवर दीड-दोन फूट माती टाकून केलेल्या पोडियमच्या बागेत आंबा लावणं हा शुद्ध अविचार आहे. उतारावरची माती पहिल्या पावसात वाहून जाऊ नये म्हणून ती झाकणारं काहीतरी हवंच. एकट्या झाडाने ते साधत नाही, उलट पानांवरून ओघळणारे मोठे थेंब उघडी माती उकरतात. आणि गाड्यांच्या रांगेवर जांभूळ लावणाऱ्याला जूनमध्ये शिव्याच मिळणार. इतकं सगळं मान्य. पण यातून ‘इथे हे झाड नको’ एवढंच सिद्ध होतं. ‘फळझाडच नको’ हे त्यातून निघत नाही.

खरी चूक देखभालीच्या हिशेबात आहे. वेडेलियाच्या खोडाला पेरापेराला मुळं फुटतात. जमिनीला टेकलेलं प्रत्येक पेर म्हणजे नवं रोप. त्यामुळे तो आखून दिलेल्या वाफ्यात राहत नाही. फरसबंदीवर चढतो, गटाराच्या जाळीत उतरतो, शेजारच्या जास्वंदीचा बुंधा गिळतो. पावसाळाभर त्याच्या कडा छाटत राहावं लागतं. माळ्याचा पगार मेंटेनन्सच्या बिलात मिसळलेला असतो, म्हणून हे काम कोणाच्या डोळ्यावर येत नाही, इतकंच. पेरूची पानं आपल्या पायाखाली येतात आणि म्हणून खुपतात.

छाटलेला वेडेलिया जातो कुठे, हे मात्र कोणी विचारत नाही. तो पोत्यात भरून नाल्याकाठी, रिकाम्या प्लॉटवर नाहीतर टेकडीच्या पायथ्याशी ओतला जातो, आणि तिथे पुन्हा रुजतो. मेक्सिको, मध्य अमेरिका, कॅरिबियन बेटं या भागातली ही वनस्पती. शास्त्रीय नाव स्फॅग्नेटिकोला ट्रायलोबाटा. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या तज्ज्ञगटाने २००० साली जगातल्या सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक परक्या जातींची यादी काढली, तीत हिचं नाव आहे. ऑस्ट्रेलियात हिला सिंगापूर डेझी म्हणतात आणि तिथेही ती बागेतूनच निसटली. कोकण-गोव्याच्या दमट हवेत तर तिला मोकळं रान मिळतं, आणि तिचा दाट थर बसला की त्याखाली दुसरं बी वर येणं कठीण. आपल्याकडे ओलसर बांधावर वाढणारा पिवळा माका हा तिचा अगदी जवळचा नातेवाईक. तोही जमिनीलगत पसरतो, त्यालाही पिवळी फुलं येतात, शिवाय तो औषधी. पण तो मागायला रोपवाटिकेत कोणी जात नाही.

इथे देशी झाडांचे कैवारी टाळ्या वाजवतील, म्हणून त्यांच्याशीही थोडं भांडून घेतो. पेरू कुठला? अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातलाच. सीताफळ, चिकू, पपई यांचंही माहेर तिकडचंच. इतकंच काय, गॅलापागोस बेटांवर पेरूने रान व्यापलं आहे, आणि त्याचा भाऊ स्ट्रॉबेरी पेरू त्याच १०० जणांच्या यादीत वेडेलियाच्या पंगतीला बसला आहे. तेव्हा परकेपणा हा आरोप टिकत नाही. पाहायची ती वागणूक, आणि तीही इथल्या अंगणातली. कलमी पेरू लावल्या जागी उभा राहतो आणि छाटला तर छाटल्या उंचीवर राहतो. त्याला फूल नव्या फुटीवर येतं, म्हणून छाटणीने फळ कमी होत नाही. लखनौच्या केंद्रीय उपोष्ण फलोत्पादन संस्थेने तर दोन मीटर बाय एक मीटर अंतरावर पेरूची बाग करून दाखवली. ज्यांना फळझाड म्हटलं की दहा मीटरवर लावायचा आंबाच दिसतो, त्यांनी जागेची सबब पुन्हा तपासावी. कलम शोधायलाही लांब जायला नको. ज्याचं दुसरं नाव लखनौ-४९ आहे तो सरदार पेरू पुण्याच्या गणेशखिंडीतल्या फळसंशोधन केंद्रातच निवडला गेला.

आता पाणी. या वादात सगळ्यांत जास्त थापा पाण्याबद्दल चालतात. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात जमिनीवरचं हे फुलझाड टवटवीत दिसायला दिवसाला पाच मिलिमीटर धरले, आणि हा अंदाज कंजूषपणाचाच आहे, तरी शंभर चौरस मीटरला रोज ५०० लिटर लागतात. मुळं उथळ असल्याने चार दिवस पाणी चुकलं की सगळा गालिचा तपकिरी. सोसायटीत टँकर येत असतात तेव्हाच ही मागणी शिगेला पोहोचते.

पेरूचं याच्या उलट आहे. त्याला वर्षात तीन बहार येऊ शकतात: आंबे, मृग आणि हस्त. तिन्ही घेतले तर झाड थकतं आणि धड एकाचंही फळ येत नाही, म्हणून जाणता माणूस एकच धरतो. शहरातल्या अंगणाने मृग बहार धरावा. त्यासाठी एप्रिल-मेमध्ये झाडाला ताण द्यायचा, म्हणजे पाणी तोडायचं. जमीन मुरमाड असेल तर ताण थोडे दिवस पुरतो, भारी काळी असेल तर जास्त. पानं पिवळी पडतात, गळतात, झाड केविलवाणं दिसू लागतं. नवखा माणूस इथेच घाबरतो, आळ्यात पाइप सोडतो आणि बहार घालवतो. धीर धरावा. मेअखेर आळं हलकं खणून शेणखत घालावं, हलकं पाणी द्यावं. मग मृगाच्या पावसावर नवी फूट येते, फुटीवर कळी धरते आणि नोव्हेंबर ते जानेवारी फळ हातात येतं: घट्ट, गोड, फळमाशीचा त्रास कमी. ‘आमच्या पेरूत अळ्याच असतात’ ही तक्रार करणारा बहुधा आंबे बहाराचं पावसाळी, पाणचट फळ खात असतो. तरीही माशी आलीच, तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेला रक्षक सापळा फांदीला टांगावा. म्हणजे टंचाईच्या ऐन दिवसांत ज्याचं पाणी बंद करायचं, तेच झाड आपण पाणीखाऊ म्हणून नाकारतो.

फुलपाखरांचा मुद्दा पूर्वपक्षाला फार प्रिय आहे. वेडेलियावर फुलपाखरं बसतात, खरं आहे. पण ती खाणावळ झाली. फुलपाखराला बाळंतघरही लागतं. अळी पानं खाते, आणि तीही ठरावीक झाडांचीच. २०१५ साली महाराष्ट्राने राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेलं नीलवंत अंडी घालतं ते लिंबू-पपनसाच्या कुळात. लिंबावरची पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी चिमट्याने उचलून मारणारे आणि फुलपाखरांसाठी म्हणून पिवळा गालिचा घालणारे लोक एकाच घरात सापडतात. अंगणात कागदी लिंबाचं एक झाड असलं आणि त्याची थोडी पानं खाल्लेली चालत असली, की हा प्रश्न सुटला.

मुळं भिंती फोडतात ही भीती वड, पिंपळ, उंबर यांच्यासाठी राखून ठेवावी. पेरू, लिंबू, डाळिंब यांनी इमारतीचा पाया उचकटल्याचं मला तरी कोणी दाखवलेलं नाही.

मग हे मत इतकं पसरलं कसं? मला वाटतं, त्याचं कारण बागेत नाही, कागदात आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार शहरात झाड तोडायला परवानगी लागते. गालिचा उपटायला कोणाला विचारावं लागत नाही. उद्या तिथे आणखी चार गाड्यांची जागा काढायची असेल, तर आज झाड नसलेलं बरं. ही अडचण खरी असेल, पण तिला बागकामशास्त्राचा आव आणून मांडू नये.

माझा निवाडा असा. खाली स्लॅब नसलेली, चार-पाच तास ऊन मिळणारी जमीन आधी फळझाडाची. पसरणाऱ्या फुलझाडांना पोडियम, उतार आणि कडा द्याव्यात. तिथेही वेडेलिया नको, पिवळा माका किंवा दर हंगामाला बदलता येणारा चिनी गुलाब चालेल. पेरूच्या आळ्यात मात्र काहीच लावू नये, त्याचीच वाळकी पानं पसरून ठेवावीत, म्हणजे झाडण्याचीही कटकट नाही. आणि असलेला वेडेलिया काढायचा ठरलाच, तर तो नाल्यात किंवा टेकडीवर टाकू नका. भर उन्हाळ्यात गच्चीवर पसरून पेरन् पेर कडकडीत वाळू द्या, मगच खताच्या खड्ड्यात घाला.