मंडळाची पाठवलेली ई-पत्रे : जावक ठेवणे व शोधणे

पूर्वी प्रत्येक कार्यालयात आवक-जावक वही असे. पाठवलेल्या पत्राची तारीख, क्रमांक व विषय जावकेत चढे. आता मंडळाची बहुतेक पत्रे ई-मेलने जातात आणि ‘सेंट’मध्ये त्यांचा ढीग साचतो. केळबाई देवीच्या जत्रेचे पत्र असो वा शेतीच्या बांधाबद्दलचा अर्ज, ‘तुमचे पत्र मिळालेच नाही’ असे उत्तर आले की जुनी प्रत दाखवावी लागते. ती वेळेवर सापडली नाही तर गावाची बाजू लंगडी पडते.

हा प्रश्न गोव्याला नवा नाही. पोर्तुगीज सरकारने शेजारच्या राजांना धाडलेल्या पत्रांच्या नकला ‘रेइस व्हिझिन्युस’ (शेजारचे राजे) या नावाच्या ग्रंथांत आहेत. गोव्याच्या दप्तरखान्याची सुरुवात १५९५ सालची. आपल्याच डिचोली तालुक्यातील पिळगावात जन्मलेले इतिहास संशोधक डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दप्तराची मार्गदर्शिका १९५५ मध्ये प्रसिद्ध केली. कागद जपलेले होतेच. कुठे काय आहे हे तिच्यामुळे कळू लागले.

पाठवताना

१. पत्रव्यवहार मंडळाच्या खात्यावरूनच करावा. सचिव बदलला की त्याच्या खासगी खात्यातील पत्रे त्याच्याबरोबर जातात.

२. विषयात जावक क्रमांक, वर्ष व काम लिहावे. उदा. ‘जा. क्र. १४/२०२५ : जत्रा, पाणीपुरवठा’. नुसते ‘अर्ज’ किंवा ‘विनंती’ लिहू नये.

३. स्कॅन केलेल्या पत्रातील मजकूर शोधात येईलच असे नाही. म्हणून त्याचा सारांश दोन ओळींत मेलमध्येच लिहावा.

शोधताना

संगणकावर जीमेलच्या शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक केल्यास एक तक्ता उघडतो. ‘टू’मध्ये ज्याला पत्र पाठवले त्याचा पत्ता लिहावा, तारखेचा अंदाज द्यावा आणि ‘सर्च’मध्ये ‘सेंट मेल’ निवडावे. जोडपत्र असल्यास तशी खूण करावी. नाव देवनागरीत सापडले नाही तर रोमन लिपीत लिहून पाहावे; आपण दोन्ही तऱ्हांनी लिहितो.

जपताना

गूगलची मोफत जागा १५ जीबी असून ती जीमेल, ड्राइव्ह व फोटो यांत वाटली जाते. ती भरली की मेल येणे-जाणे थांबते. आकारानुसार शोधून मोठ्या जोडपत्रांचे मेल आधी उतरवून घ्यावे, मगच काढावे. ‘ट्रॅश’मधून ते ३० दिवसांनी कायमचे जातात. खाते दोन वर्षे वापरले नाही तर गूगल ते काढून टाकू शकते. वर्षातून एकदा, वार्षिक सभेपूर्वी, ‘गूगल टेकआउट’मधून सर्व मेलची प्रत घेऊन दोघा पदाधिकाऱ्यांकडे ठेवावी.

महत्त्वाच्या पत्राची पोच मागावी आणि तिची नोंद त्याच जावक क्रमांकासमोर करावी. पत्र पाठवल्याचा पुरावा आपल्याकडे असतो. ते मिळाल्याचा पुरावा पोचेतूनच येतो.