राजगडावरच्या आऊसाहेब

जिजाबाईंच्या ७६ वर्षांच्या आयुष्यातली उत्तरार्धाची सुमारे दोन तपे राजगडाशी जोडलेली आहेत. सिंदखेडचे माहेर, शिवनेरीवरचे बाळंतपण आणि पुण्याचा लाल महाल यांविषयी पुष्कळ लिहिले जाते. मात्र घरातील सर्वांत वडीलधारी व्यक्ती आणि राज्याची सांभाळकर्ती अशा दोन्ही नात्यांनी त्यांचा अधिकार पूर्णत्वाला गेला तो भोर-वेल्ह्याच्या डोंगरांत. वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये घेतला.

त्यांचा जन्म १२ जानेवारी १५९८ रोजी सिंदखेड येथे लखुजी जाधवरावांच्या घरी झाला. शहाजीराजे भोसल्यांशी लग्न लहानपणीच झाले. १६२९ मध्ये निजामशाही दरबारात, दौलताबादेस, लखुजी आणि त्यांचे मुलगे दग्याने मारले गेले. पुढच्याच वर्षी, १९ फेब्रुवारी १६३० रोजी, शिवनेरीवर शिवाजीराजांचा जन्म झाला. त्यानंतर शहाजीराजे कर्नाटकात राहिले आणि मायलेक पुणे जहागिरीत आले. आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केलेले पुणे पुन्हा वसवताना कसबा गणपतीची प्रतिष्ठापना जिजाबाईंनी केली, असे परंपरा सांगते. गाव वसवायचे तर आधी देव वसवायचा, ही त्या काळाची रीत होती. देवळाच्या पूजेअर्चेची सोय लागली की ब्राह्मण, गुरव, कुणबी आणि बलुतेदारांनाही गाव टिकणार याची खात्री वाटे.

तोरणा हाती आल्यावर शिवाजीराजांनी जवळच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर बांधकाम सुरू केले. तोच राजगड. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी अशा तीन माच्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला अशी त्याची रचना आहे. किल्ला गुंजण मावळात आहे. शेजारच्या कानद खोऱ्यात मरळ, रोहिड खोऱ्यात जेधे आणि हिरडस मावळात बांदल ही देशमुख घराणी होती. आजच्या भोर आणि राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यांचा बराचसा भाग या खोऱ्यांनीच बनलेला आहे. वतनावरून एकमेकांशी भांडणारी ही घराणी एका धन्याच्या मागे उभी करणे हे स्वराज्याचे पहिले मोठे काम होते. त्यात सोयरीक, मानपान आणि वडीलकीचा शब्द यांना तलवारीइतकेच मोल होते. कागदपत्रांत जिजाबाईंचा उल्लेख ‘मातुश्री’ असा येतो आणि वतन-इनामांच्या प्रकरणांत त्यांनी लक्ष घातल्याचे पुरावेही मिळतात.

१६५९ साल या घराची कसोटी पाहणारे होते. ५ सप्टेंबरला राजगडावर शिवाजीराजांच्या पत्नी सईबाईंचे निधन झाले. त्यांचे पुत्र संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. बाळाला दूध पाजण्यासाठी भोर तालुक्यातील कापूरहोळच्या गाडे घराण्यातील धाराऊ आधीच आलेल्या होत्या. मुलाचे संगोपन जिजाबाईंकडे आले. त्याच वेळी आदिलशाही सरदार अफझलखान चालून येत होता. कनकगिरीच्या लढाईत जिजाबाईंचे थोरले पुत्र संभाजी मारले गेले त्याला खानाचा दगा कारणीभूत होता, असे घरात मानले जाई. खानाच्या भेटीला निघण्यापूर्वी शिवाजीराजांनी मातुश्रींचा आशीर्वाद घेतला आणि थोरल्या भावाचे उसने फेडण्याची आज्ञा त्यांनी दिली, असे सभासद बखर सांगते. पुढच्या वर्षी शिवाजीराजे पन्हाळ्याच्या वेढ्यात अडकले. तेव्हा साठी ओलांडलेल्या जिजाबाई मुलाला सोडवण्यासाठी स्वतः फौज घेऊन निघायला सिद्ध झाल्या होत्या, असे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त आहे. त्या वेढ्यातून राजे निसटले ते बांदलांच्या मावळ्यांनी आणि बाजीप्रभू देशपांड्यांनी खिंड अडवून धरली म्हणून. बांदलांचे हे मावळे जिजाबाईंच्या शेजारच्याच खोऱ्यातले होते.

जानेवारी १६६४ मध्ये कर्नाटकात होदिगेरे येथे शिकारीच्या वेळी घोड्यावरून पडून शहाजीराजांचा मृत्यू झाला. बातमी कळताच जिजाबाईंनी सती जाण्याचा निश्चय केला. शिवाजीराजांनी परोपरीने विनवून त्यांना परावृत्त केल्याचे बखरी सांगतात. धर्मनिष्ठ घरातील स्त्रीच्या दृष्टीने सहगमन हे तेव्हा पुण्यकर्म मानले जाई, म्हणून हा निश्चय मोडणे सोपे नव्हते. जिजाबाई थांबल्या आणि त्यानंतर दहा वर्षे जगल्या. स्वराज्याच्या दृष्टीने त्यांच्या आयुष्यातील हीच दहा वर्षे सर्वांत मोलाची ठरली.

६ जानेवारी १६६५ रोजी सूर्यग्रहणाच्या पर्वावर महाबळेश्वरी जिजाबाईंची आणि वयोवृद्ध मंत्री सोनोपंत डबीर यांची सुवर्णतुला झाली. महाबळेश्वर हे कृष्णेच्या उगमाचे तीर्थ असल्याने ग्रहणकाळी तिथे केलेल्या दानाचे पुण्य विशेष मानले जाई. घरातील आणि राज्यातील दोन वडीलधाऱ्यांना एकाच दिवशी हा मान मिळाला. त्यातून कुळाचा धर्म आणि राज्याची प्रतिष्ठा दोन्ही एकदम प्रकट झाली.

या सोहळ्यानंतर दोनच महिन्यांत मोगल सेनापती मिर्झाराजे जयसिंग पुण्यात येऊन पोहोचले. पुरंदरला वेढा पडला आणि एप्रिलच्या अखेरीस दाऊदखान कुरेशीच्या घोडदळाने रोहिडा व राजगडाच्या परिसरातील गावे जाळत नेली. जूनमधील पुरंदरच्या तहाने २३ किल्ले मोगलांकडे गेले. त्यात भोरजवळचा रोहिडाही होता. शिवाजीराजांकडे १२ किल्ले उरले, त्यांत राजगड आणि तोरणा होते.

मार्च १६६६ मध्ये शिवाजीराजे नऊ वर्षांच्या संभाजीराजांसह औरंगजेब बादशहाच्या भेटीसाठी राजगडावरून आग्र्याला निघाले. जाताना राज्य मातुश्रींच्या स्वाधीन केले आणि मोरोपंत पिंगळे, निळोपंत मुजुमदार यांच्यासारखे कारभारी हाताशी दिले. मुलगा आणि नातू दोघेही बादशहाच्या कैदेत असताना गावे जळालेला, किल्ले कमी झालेला मुलूख सांभाळायचा होता. ही नुसती नावाची जबाबदारी नव्हती. किल्लेदार एकनिष्ठ राहिले, देशमुख फुटले नाहीत आणि महसुलाची घडी विस्कटली नाही, म्हणूनच राजे परतल्यावर त्यांना राज्य जागेवर मिळाले. ऑगस्टमध्ये आग्र्याहून निसटलेले राजे बैराग्याच्या वेषात राजगडावर आले आणि त्यांनी आईच्या पायांवर डोके ठेवले, ही बखरींतील कथा महाराष्ट्राच्या घराघरांत सांगितली जाते.

२४ फेब्रुवारी १६७० रोजी सोयराबाईंच्या पोटी राजाराम महाराजांचा जन्म राजगडावरच झाला. त्याच महिन्याच्या सुरुवातीला तानाजी मालुसऱ्यांनी प्राण देऊन कोंढाणा परत मिळवला होता. कोंढाण्याचा हट्ट जिजाबाईंनी धरला, असे तुळशीदास शाहिराचा पोवाडा सांगतो. पोवाड्यातील तपशील काव्याचा असला, तरी किल्ल्यांच्या बाबतीत आईचा शब्द चालत असे ही लोकांची धारणा त्यातून दिसते.

यानंतर राजधानी रायगडावर गेली. रायगडावरची थंड हवा उतारवयात सोसेना, म्हणून जिजाबाईंसाठी पायथ्याला पाचाड येथे वाडा बांधला गेला. ६ जून १६७४ रोजी त्यांनी मुलाचा राज्याभिषेक पाहिला आणि अकराच दिवसांनी, १७ जूनला, पाचाडला त्यांचे देहावसान झाले. त्यांची समाधी तेथेच आहे.

पुढे १७०४ मध्ये औरंगजेबाने राजगड जिंकला, पण थोड्याच वर्षांत मराठ्यांनी तो परत घेतला. अठराव्या शतकात तो भोरच्या पंत सचिवांकडे आला आणि १९४८ मध्ये भोर संस्थान विलीन होईपर्यंत संस्थानातच राहिला. पद्मावती माचीवरच्या देवळातील मुख्य मूर्ती पंत सचिवांनी बसवल्याचे सांगतात, तर शेजारची लहान मूर्ती शिवकाळातील मानली जाते. देवळासमोर सईबाईंची समाधी दाखवतात.