आत्महत्येच्या विचारावरील अल्पकालीन समुपदेशन आणि त्याची कसोटी : रत्नागिरीच्या संदर्भात एक ऐतिहासिक मागोवा

प्रास्ताविक

रत्नागिरीचे मनोरुग्णालय १८८६ साली स्थापन झाले. महाराष्ट्रातील ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी या चार जुन्या शासकीय मनोरुग्णालयांत खाटांच्या संख्येने (३६५) ते सर्वांत लहान आहे. मराठी बोलीत 'ठाण्याला पाठवायला हवे' ही थट्टा रूढ झाली. कोकणात त्याच अर्थाने रत्नागिरीचे नाव घेतले जाते. थट्टेमागील समजूत मात्र गंभीर आहे. मनाचा आजार म्हणजे वेड आणि वेडाची जागा भिंतीआड, असे समीकरण त्या समजुतीत गृहीत धरलेले असते.

या समीकरणात एका माणसाला जागाच नव्हती. तो शेतावर वा कचेरीत जातो, चारचौघांत बोलतो. फक्त जगणे नको, असे त्याला आतून वाटत असते. त्याला वेडा म्हणता येत नाही आणि निरोगीही म्हणता येत नाही. प्रत्यक्ष प्रयत्न केला तर कायदा त्याला गुन्हेगार ठरवीत असे. मनोरुग्णालय आणि पोलीस ठाणे या दोहोंव्यतिरिक्त तिसरी जागा, म्हणजे जवळच्या आरोग्य केंद्रात प्रशिक्षित व्यक्तीशी चार-सहा बैठकांत होणारे बोलणे, आपल्या प्रदेशात कशी निर्माण झाली आणि तिची उपयुक्तता कशी तपासली गेली, याचा मागोवा प्रस्तुत निबंधात घेतला आहे. येथे विचारात घेतलेल्या चाचण्यांपैकी दोन रत्नागिरीच्या दक्षिणेस गोव्यात झाल्या आणि एक प्रयोग राज्याच्या दुसऱ्या टोकाला, अमरावती जिल्ह्यात झाला.

कायद्याची चौकट

१८६० च्या भारतीय दंड संहितेतील कलम ३०९ नुसार आत्महत्येचा प्रयत्न हा एक वर्षापर्यंतच्या साध्या कैदेस पात्र गुन्हा होता. प्रत्यक्षात शिक्षा क्वचित होई; पण कलमाचा खरा परिणाम शिक्षेत नव्हताच. तो रुग्णालयाच्या नोंदवहीत होता. पोलिसांचा ससेमिरा नको म्हणून नातेवाईक 'अपघात झाला' असे सांगत, आणि डॉक्टरही पुष्कळदा तेवढ्यावर थांबत. ज्या क्षणी रुग्णाशी मोकळेपणाने बोलणे सर्वाधिक गरजेचे, नेमक्या त्याच क्षणी सर्वांनी गप्प बसण्याची सोय या कलमाने करून ठेवली होती.

या कलमाला पहिला मोठा धक्का महाराष्ट्रातून बसला, ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मुंबई पोलीस दलातील मानसिक आजाराने त्रस्त असलेल्या एका शिपायाच्या प्रकरणात १९८६ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती पी. बी. सावंत व बी. जी. कोळसे-पाटील यांनी कलम ३०९ घटनाबाह्य ठरविले. १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसाच निर्णय दिला. पण १९९६ मध्ये ग्यान कौर खटल्यात पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरविला आणि कलम पुन्हा उभे राहिले. पुढे मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम ११५ ने अशी व्यक्ती तीव्र तणावाखाली असल्याचे गृहीत धरून तिला शिक्षेपासून संरक्षण दिले; तो अधिनियम २०१८ मध्ये अमलात आला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत जुने कलम ३०९ त्या स्वरूपात उरलेले नाही.

हा कालक्रम महत्त्वाचा आहे. गोवा व अमरावती येथील ज्या प्रयोगांचा पुढे विचार केला आहे, ते सर्व कलम ३०९ जिवंत असताना झाले. आरोग्य केंद्राच्या बाकावर बसून 'तुम्ही कधी तसा प्रयत्न केला आहे का?' असे विचारणारा समुपदेशक कायद्याच्या भाषेत गुन्ह्याची चौकशी करीत होता. तरीही लोकांनी उत्तरे दिली. या प्रयोगांच्या अहवालांतील आकड्यांइतकीच ही गोष्ट बोलकी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

बोलण्याची चाचणी

औषधाची परीक्षा घेण्याची रीत, म्हणजे रुग्णांचे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गट करून एकाला उपचार देणे व दोहोंची तुलना करणे, १९४८ च्या ब्रिटनमधील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीनंतर रुळली. बोलण्याला ती लावणे कठीण होते. गोळी सगळीकडे सारखी असते, बोलणे तसे नसते. शिवाय आत्मघाताचा धोका असलेल्या व्यक्तींना मानसोपचारांच्या अनेक चाचण्यांतून सावधगिरी म्हणून वगळलेच जाई.

सॅन फ्रान्सिस्को येथे जेरोम मोटो यांनी केलेला प्रयोग या बाबतीत वेगळा ठरतो. रुग्णालयातून बाहेर पडल्यावर पुढील उपचार नाकारणाऱ्या ८४३ जणांपैकी निम्म्यांना पाच वर्षे अधूनमधून चौकशीची छोटी पत्रे पाठविण्यात आली. ती मिळालेल्या गटात, विशेषतः पहिल्या दोन वर्षांत, आत्महत्या कमी झाल्या. मनिऑर्डरच्या फॉर्मवरील दोन ओळींच्या आधारावर ज्या कोकणातील घरे पिढ्यान्‌पिढ्या तगली, तेथील वाचकाला याचे फार नवल वाटू नये. २००५ साली अमेरिकेत एरन बेक यांच्या सहकाऱ्यांनी १२० व्यक्तींवर घेतलेल्या चाचणीत दहा बैठकांच्या बोधात्मक उपचाराने पुन्हा प्रयत्न होण्याचे प्रमाण सुमारे निम्म्याने घटले. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत १,८६७ जणांवर घेतलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. चेन्नई हे तिचे एक केंद्र होते. सुमारे तासाभराचे बोलणे आणि त्यानंतर दीड वर्षात नऊ वेळा संपर्क, एवढाच उपचार. या काळात आत्महत्येने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण नेहमीच्या उपचारांच्या गटात २.२ टक्के, तर संपर्क ठेवलेल्या गटात ०.२ टक्के आढळले.

अशा निष्कर्षांनी हुरळून जाण्याचे मात्र कारण नाही. स्वित्झर्लंडमधील बर्न येथे तीन बैठकांच्या एका उपचाराची १२० जणांवरील चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन वर्षांत उपचार गटात ५, तर दुसऱ्या गटात ४१ पुनर्प्रयत्न नोंदले गेले. तोच उपचार फिनलंडमध्ये तेथील नेहमीच्या संकटकालीन समुपदेशनाशी ताडून पाहिला, तेव्हा दोहोंत फरक दिसला नाही. म्हणजे उपचार कशाशी ताडला जातो यावर निष्कर्ष पुष्कळसा अवलंबून असतो. जेथे मुळात कोणी विचारपूसच करीत नाही, तेथे तीन बैठकाही मोठ्या ठरतात.

गोवा आणि अमरावती

गोव्यात विक्रम पटेल व 'संगथ' या संस्थेने केलेले काम या दृष्टीने पाहावे. 'मानस' नावाने ओळखली जाणारी त्यांची चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. १२ शासकीय आरोग्य केंद्रे आणि १२ खासगी दवाखाने मिळून २,७९६ रुग्ण तीत होते. समुपदेशक मानसतज्ज्ञ नव्हते. ते त्याच प्रदेशातील, थोड्या महिन्यांचे प्रशिक्षण घेतलेले सामान्य लोक होते. शासकीय केंद्रांत निदान झालेल्या रुग्णांपैकी सहा महिन्यांनी बरे झालेल्यांचे प्रमाण सुमारे ६६ टक्के होते, तर तुलनेच्या केंद्रांत ते सुमारे ४२ टक्के भरले. खासगी दवाखान्यांत मात्र असा फरक आढळला नाही. तेथील डॉक्टर रुग्णाला आधीपासून ओळखतो व वेळ देतो, असे त्याचे एक स्पष्टीकरण देता येईल.

दुसऱ्या चाचणीत दहा आरोग्य केंद्रांतील तीव्र नैराश्याचे ४९५ रुग्ण होते. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. येथे उपचार आणखी आटोपशीर होता : सहा ते आठ बैठका, आरोग्य केंद्रात किंवा रुग्णाच्या घरी. खिन्न माणूस एकेक काम सोडत जातो आणि काम सुटल्याने आणखी खिन्न होतो. हे चक्र त्याच्याच दिनक्रमातून त्याला दाखवून द्यायचे आणि विहिरीवर जाणे, शेजारणीकडे बसणे, देवळापर्यंत चालणे अशा लहान कृतींपासून ते उलटे फिरवायचे, असा त्याचा गाभा. समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून गुण देत. बोलण्याचा दर्जा सारखा राखण्याची ही साधी युक्ती होती. तीन महिन्यांनी नैराश्यातून बाहेर आलेल्यांचे प्रमाण ६४ टक्के, तर दुसऱ्या गटात ३९ टक्के होते. आत्महत्येचे विचार वा प्रयत्न यांतही घट आढळली.

अमरावतीचा 'विश्राम' हा प्रकल्प निराळ्या जातीचा. राहुल शिधये व सहकाऱ्यांनी ३० गावांत तो राबविला. गावातील आरोग्य कार्यकर्ते, त्यांच्या जोडीला समुपदेशक, आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ अशी त्याची उतरंड होती. नैराश्य असलेल्यांपैकी मदत मिळविणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्के झाले, आणि गेल्या वर्षभरात आत्महत्येचा विचार आल्याचे सांगणाऱ्यांचे प्रमाण ५.२ वरून २.५ टक्क्यांवर आले. तथापि येथे तुलनेसाठी दुसरी गावे नव्हती. पाऊस बरा झाला, भाव बरा मिळाला, तरी असे आकडे हलू शकतात. ही मर्यादा विसरता येणार नाही.

यांतील कोणत्याही प्रयोगाने आत्महत्या कमी होतात असे सिद्ध केलेले नाही आणि तसे करणे त्यांना शक्यही नव्हते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागानुसार २०२२ मध्ये देशात लाखामागे १२.४ आत्महत्या झाल्या. या सरासरीने ४९५ लोकांत वर्षाकाठी एक मृत्यूही अपेक्षित नाही. आजारी व्यक्तींत धोका अनेक पटींनी अधिक धरला, तरी मृत्यूतील फरक दिसण्यासाठी हजारो माणसे व अनेक वर्षे लागतील. म्हणून 'विचार' मोजला जातो. विचार मोजायचा, तर तो शब्दांत विचारावा लागतो.

प्रश्नाची भाषा

गोव्यातील दुसऱ्या चाचणीत व विश्राम प्रकल्पात नैराश्य मोजण्यासाठी नऊ प्रश्नांची एक प्रसिद्ध प्रश्नावली वापरली गेली. तिचा नववा प्रश्न दोन गोष्टी एकत्र विचारतो : मेलेले बरे असे वाटले का, किंवा स्वतःला इजा करावी असे वाटले का, आणि तेही गेल्या दोन आठवड्यांत. मराठीत या दोन गोष्टी फार दूरच्या आहेत. 'देवा, आता ने रे बाबा' हे तांदूळ निवडता निवडता म्हणणारी म्हातारी त्या प्रश्नाला प्रामाणिकपणे होकार देईल. 'जीव नकोसा झालाय', 'सुटका व्हावी', 'जिवाचं बरंवाईट करून घ्यावंसं वाटतं' या उतरत्या पायऱ्या आहेत. कानाला सरावलेला माणूस त्या ओळखतो. छापील प्रश्न ओळखत नाही. स्थानिक समुपदेशकाचे महत्त्व केवळ तो स्वस्त पडतो म्हणून नाही. संगमेश्वरी बोलीत 'कंटाळलंय' म्हणजे आज किती कंटाळले आहे, हे त्याला कळते.

रत्नागिरीपुढील प्रश्न

राज्य शासनाने २०१५ मध्ये सुरू केलेला 'प्रेरणा' प्रकल्प विदर्भ व मराठवाड्यातील १४ जिल्ह्यांसाठी होता. आत्महत्या हा शेतकऱ्यांचा, म्हणजे कापसाच्या प्रदेशाचा प्रश्न, अशी मांडणी झाल्याने कोकण त्या नकाशाबाहेर राहिले. १० ऑक्टोबर २०२२ पासून टेली-मानसची १४४१६ ही दूरध्वनी सेवा सर्वांनाच उपलब्ध झाली. पण दूरध्वनी करणाऱ्याला आपली अडचण आधी स्वतःच ओळखावी लागते.

रत्नागिरीत अशी चाचणी घ्यायची, तर गोव्याची प्रत उतरवून भागणार नाही. येथील वाड्या विखुरलेल्या आहेत, आणि पावसाळ्यात सहा बैठका सहा आठवड्यांत पुऱ्या होतील याची खात्री देता येत नाही. त्याहून अवघड प्रश्न पुनर्भेटीचा आहे. तीन महिन्यांनी ज्याला पुन्हा विचारायचे तो तरुण तोवर मुंबईला गेलेला असतो आणि घरी सापडतो तो गणपतीत किंवा शिमग्यात. त्या आठवड्यात, घर भरलेले असताना, त्याला 'जगावेसे वाटते का?' असे विचारले तर उत्तर बहुधा बरेच येईल, आणि त्याचे श्रेय उपचाराला द्यायचे की सणाला, हे ठरविता येणार नाही. दोन्ही गटांना वर्षाच्या त्याच महिन्यात, त्याच ठिकाणी भेटण्याची अट आराखड्यात आरंभीच घालावी लागेल, आणि मुंबईतील खोलीवर जाऊन भेटण्याचा खर्चही त्यात धरावा लागेल.